सहा तारखेच्या फायली

६ एप्रिल, अमरावती
अखेर नोकरी लागली! संस्थेच्या मेल सर्व्हरचा मी, उद्धव, आजपासून राखणदार. अमरावतीचं कार्यालय, अकोल्याचं आणि धारणीचं महाविद्यालय, साऱ्यांची पत्रं माझ्या हातून जाणार. मी रुजू झाल्याचा मेल सगळ्यांना गेला. स्वागतकक्षातल्या गीतांजलीताईंनी चहा पाजला. शिपाई उत्तमरावांना मी कामाचं मर्म सांगितलं. येणारं प्रत्येक पत्र आधी लॉग फायलीत नोंदवलं जातं, मग डेटाबेसमध्ये उतरतं. डेटाबेस बिघडला तर जुना बॅकअप बसवायचा आणि त्यावर लॉग क्रमाने चालवायचे. गेलेलं सगळं परत येतं. पूर्ण बॅकअप यशस्वी झाला की जुने लॉग तोच पुसतो. माणसाने हात लावायचा नाही! मधला एक गेला की पुढचे सगळे मुके. ज्या समाजाला स्वतःची नोंद जपता येत नाही, तो समाज... इथे उत्तमरावांनी मला थांबवलं. “सायेब, मीटिंग हाये का इथं? भाषन देऊन राहिले तुमी!”

८ एप्रिल
बॅकअप अकोल्याच्या यंत्रावर जातो. काल रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. शेवटचा पूर्ण बॅकअप पाच तारखेचा. पुढचे लॉग साठत आहेत. साठू देत.
सर्व्हरखोलीच्या खिडकीत एक स्टीलचा डबा सापडला. झाकणावर नाव कोरलेलं: चंद्रभान. असा माणूस इथे कधी नव्हता, असं सगळे म्हणतात. उत्तमराव एकवीस वर्षं इथे आहेत. पण डब्यातली पोळी तितकी जुनी नव्हती.

१३ एप्रिल
सर्व्हरखोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून मार्करने लिहिलंय: ‘डिस्कवर जागा करायसाठी एकच दिवस काढला. चंद्रभान.’
अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे या भित्र्याने लॉग हाताने पुसले! जो नोंद पुसतो तो माणूस पुसतो, हे मी चळवळीतल्या शंभर व्यासपीठांवरून गरजलोय.

१९ एप्रिल
पंचेचाळीस अंश. डिस्क शहाण्णव टक्के भरली. अकोल्याहून रोज एकच उत्तर, केबल उद्या जोडू. नवी डिस्क मागितली. सचिव मंजुषाताई म्हणाल्या, खरेदी समिती मे महिन्यात बसते.

२१ एप्रिल
सकाळी अकराला डिस्क भरली. मेल बंद. उद्या परीक्षा, आणि हॉलतिकिटं मेलनेच जायची होती. धारणीची तीनशे पोरं गावोगावहून येऊन तिथल्या सायबर कॅफेसमोर बसलेली. परतीची शेवटची जीप चारला. मी तत्त्व मांडलं, आवाज चढवून मांडलं. मंजुषाताई शांतपणे म्हणाल्या, “तुमचं तत्त्व बरोबर हाये, भाऊ. त्या पोरायचं वर्ष कोन देईन?”
तीनला मी सगळ्यांत जुना दिवस काढला. सहा तारखेच्या फायली. त्यातलं सगळं डेटाबेसमध्ये उतरलेलंच आहे, असं स्वतःला समजावलं.
हॉलतिकिटं गेली. टाळ्या पडल्या. डबा न उघडताच खिडकीत ठेवला.

२३ एप्रिल
लाइट दोनदा गेली. डेटाबेस बिघडला. पाच तारखेच्या बॅकअपची इथल्या कपाटातली प्रत बसवली, लॉग चालवायला घेतले. सर्व्हरने सहा तारीख मागितली. ती नाही. मागे सतरा दिवसांचे लॉग अखंड उभे, पण एकही घेईना.
सर्व्हर सुरू झाला. त्याच्या लेखी पाच तारखेची संध्याकाळ आहे.

२४ एप्रिल
गीतांजलीताईंनी मला दारात अडवलं. “कोनाले भेटाचं हाये?”
हसलो. त्या हसल्या नाहीत. कर्मचाऱ्यांच्या यादीत माझं नाव नाही. रुजू झाल्याचा मेल सहा तारखेचा होता.

२५ एप्रिल
गावी आईकडे जायला मूर्तिजापूरच्या एसटीत बसलो. कंडक्टरने तिकीट मागितलं नाही. बडनेऱ्याला एक बाई चढली, तिने भाजीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. जागा रिकामी समजून. मी ओरडलो. सगळी बस पेंगत होती—
उतरलो. परत कार्यालयात. दुसरीकडे कुठे जाऊ?

२६ एप्रिल
खिडकीत आता दोन डबे. दुसऱ्यावर माझं नाव. आईने कोरून घेतलेलं.
चंद्रभान भित्रा नव्हता. त्याच्यापुढेही कोणीतरी पोरं बसली असतील—
त्याच्या ओळीखाली मार्करने माझी ओळ लिहिली. या वहीचं पहिलं पान फिकं पडतंय.

२७ एप्रिल
नवी मुलगी रुजू झाली. वर्षाली. तिने उत्तमरावांना विचारलं, हे डबे कोणाचे? असे कोणी नव्हतेच, म्हणाले ते.
अकोल्याची केबल अजून तुटलेलीच. जुने मुके लॉग सर्व्हर आता पुसूही देत नाही, नुसते जागा अडवून बसलेत. डिस्क पुन्हा भरत आली आहे. फोन वाजला. मंजुषाताई. धारणीचा पुढचा पेपर—
वर्षालीने नव्या लॉगांतला सगळ्यांत जुना दिवस निवडला; तिच्या रुजू झाल्याचा मेल त्याच्याच मागे उभा. बोट उचललं. मी खुर्चीला खेटून उभा आहे. माइकशिवाय मैदानं गाजवलेला हा गळा— वर्षाली, ऐक, मी उद्धव, काहीही झालं तरी हाताने—