हयात बाईचे नाव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकतीस, व्यवसाय लिफ्ट तपासनीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे; कोणी सांगितले म्हणून नव्हे, मला पटले म्हणून. मला कोणताही आजार नाही. माझे काम लिफ्टच्या विहिरीत, केबिनच्या टपावर उभे राहून चालते. एवढे कारण पुरे आहे.

कलम १. माझी राहती जागा, दोन खोल्या, तिसरा मजला, आणि बँकेतील शिल्लक मी माझ्या आत्याला, म्हणजे वडिलांच्या सख्ख्या मोठ्या बहिणीला देते. इमारतीला लिफ्ट नाही. हसणाऱ्यांनी हसून घ्यावे. आत्याचे गुडघे पाहता तिने जागा खुशाल विकावी.

कलम २. ही आत्या हयात आहे. हे लिहून द्यावे लागते याची मला लाज वाटते. कारण असे:

तिचे नाव लेआ. माझेही लेआ. नाव हिब्रू आहे. अर्थ बहुधा 'थकलेली'. काही अभ्यासक त्याचा संबंध गाईसाठीच्या एका प्राचीन शब्दाशी जोडतात. बायबलात लेआ ही लाबानाची थोरली मुलगी. याकोबाला धाकटी राहेल हवी होती. बापाने लग्नाच्या रात्री तिच्याऐवजी थोरलीला आत पाठवले. तिला कोणी विचारले होते का, हे कुठे आलेले नाही. शतकानुशतके हे नाव मुख्यतः ज्यू घरांत राहिले, मग जुन्या करारातील नावे आवडणाऱ्या प्रोटेस्टंटांनी उचलले, आणि गेल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत ते चांगलेच चालू लागले. हे सारे मी हौसेने शोधले होते. मला माझे नाव आवडायचे.

आमच्या घराण्यात जिवंत माणसाचे नाव मुलाला देत नाहीत, गेलेल्याचेच देतात. माझे नाव आजोबांनी, म्हणजे आबांनी, ठेवले. आत्या माझ्या जन्माआधी तापाने गेली, असे मला सांगितले होते.

गेल्या वर्षी एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक बाई होत्या. अहवालात अडकलेल्याचे नाव लागते, म्हणून मी वरून विचारले.

"लेआ," आवाज आला.

"ते माझं नाव झालं, मावशी. तुमचं सांगा."

"अगं, माझंही तेच! तुझ्याकडे काय मक्ता आहे का?"

आमच्यात हे नाव जुने आहे, म्हणून मला नवल वाटले नाही. बाहेर काढल्यावर त्यांनी माझ्या गळ्यातले ओळखपत्र हातात धरून आडनाव वाचले.

"बारक्या तुझा कोण?"

बाबांना बारक्या फक्त घरात म्हणत. "बाबा," मी म्हणाले.

"आणि तुझं नाव कुणावरून ठेवलं?"

"आत्यावरून. तापाने गेली ती."

"तापाने होय? मला मेलीला कधी साधा खोकला नाही!" आधी त्या हसल्या. मग जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि पाणी मागितले.

आत्याने आजोबांना नको असलेल्या माणसाशी लग्न केले होते. आजोबांनी तिला मेली म्हणून जाहीर केले, आणि बोलण्यावर शिक्का बसावा म्हणून पुढे जन्मलेल्या नातीला तिचे नाव दिले. तो शिक्का मी. माझ्या क्षेत्रात पोलादी दोरसुद्धा तुटलेल्या तारा तपासल्याशिवाय कोणी बाद करत नाही.

कलम ३. कुटुंबाच्या दफनभूमीतील माझ्यासाठी राखलेली जागा मी आत्याला देते. बायबलातल्या लेआलाही शेवटी कुटुंबाच्या गुहेत याकोबाशेजारी जागा मिळाली. राहेलला वाटेत पुरले. मला कुठेही चालेल.

कलम ४. मोजमापाची व्हर्निअर, गेज आणि हेल्मेट माझ्याबरोबर काम करणाऱ्या फिटरला. हेल्मेट त्याने वापरावे. भिंतीला टांगून फोटो काढू नये.

कलम ५. 'पोरगी काय लिफ्ट बघणार?' असे प्रत्येक तपासणीला विचारणाऱ्या त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी जिना ठेवून जाते.

कलम ६. नाव मृत्युपत्राने परत करता येत नाही, असे वकीलबाईंचे मत पडले. आत्याला विचारले, तर ती म्हणाली, "राहू दे तुझ्याकडे. तुझ्या अंगाला छान बसलंय. आणि तुझे तीन मजले चढून आले की मी नावाला जागतेच." तिला राग आला असता तर मला सोपे गेले असते. म्हणून ही फक्त विनंती: मी आधी गेले, तर माझ्या दगडावर नाव घालू नये. 'लिफ्ट तपासनीस' एवढे पुरे. घराण्यात ते नाव एकदा चुकून मेलेले आहे.

कलम ७. वडिलांना मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे, आणि मला साक्षीदार म्हणून तेच हवे आहेत. मसुदा वाचून दाखवला तेव्हाचे बोलणे असे:

"म्हणजे मुद्दाम केलंस."

"हो, बाबा."

"आबांच्या पुढे बोलायची कुणाची टाप होती? आणि ती कुठं आहे, आहे की नाही, मला काय माहीत?"

"आता भेटलात ना तिला?"

"लांबून पाहिलं."

"मग सही करा."

"साक्षीदार सहीची साक्ष देतो. मजकुराची नाही."

हे खरे आहे. वकीलबाईंनीही तेच सांगितले. म्हणून एक ओळ जादा ठेवली आहे. दुसऱ्या साक्षीदाराने कलम २ मधील व्यक्तीशी आपले नाते तेथे स्वतःच्या हाताने लिहावे. ओळ कोरी राहिली तरी मृत्युपत्र कायद्याने वैध राहील. मी आग्रह केलेला नाही. पेन टेबलावर ठेवून मी चहा टाकायला आत जात आहे.

लिहून देणारी: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचे घड्याळजी

साक्षीदार दुसरा: (सही) लिहून देणारीचे वडील

नाते: धाकटा भाऊ. ताई हयात आहे. मला माहीत होते.

ठिकाण: राहते घर, तिसरा मजला
दिनांक: (तारीख)