दोन डेअऱ्यांची नववी

२ जुलै, बुधवार

नववीत पुन्हा मारामारी. एकानं दुसऱ्याच्या कानाची पाळी दातानं तोडली. फरशीवर रक्त, बाकांवर रक्त. मधे पडलेल्या गणिताच्या सरांच्या पोटात लाथ. दुपारपर्यंत फाटकाबाहेर दोन्हीकडचे बाप जमा. कोणाच्या हातात उसाचं कांडं, कोणाच्या हातात ट्रॅक्टरची लोखंडी टॉमी.

कारण नेहमीचंच. गावात पार्ट्या दोन म्हणून डेअऱ्या दोन. पोरं सकाळी दूध घालायला जातात, तिथं वरच्या डेअरीची आणि खालच्या डेअरीची पोरं रस्त्यात एकमेकांना शिव्या देतात. डेअरीवर सुरू झालेलं भांडण दहाच्या घंटेला शाळेत येतं.

संध्याकाळी शाळेच्या संचालक मंडळाची तातडीची मीटिंग. अध्यक्ष म्हणजे आमचे भाऊजी, वरची डेअरी त्यांची. उपाध्यक्ष मगदूम, खालची डेअरी त्यांची. दोघं मिळून म्हणाले, नववीच्या दोन तुकड्या करा. अ मध्ये वरच्या डेअरीची पोरं, ब मध्ये खालच्या.

मु. अ. चौगुले सर : "आणि ज्यांच्या घरी जनावरच न्हाय?"

मगदूम : "ती विकत कुठलं पित्यात? त्या तुकडीत घाला."

कोणी हसलं नाही. मला पटलं. सचिव म्हणून अनुमोदन मीच दिलं. रक्त थांबायला हवं, बाकी नंतर बघू. राज्यशास्त्र घेऊन बी. ए. केलं, फाळणीवर प्रश्न हमखास असायचा. आज एका वर्गाची केली, चहा निवायच्या आत.

नातू विराज अर्थातच अ मध्ये.


११ जुलै, शुक्रवार

आठवडा शांत गेला. आज कळलं शांत का होता. तयारी चालली होती. मधल्या सुट्टीत ब च्या पोरांनी नळ ताब्यात घेतला, अ ला पाणी नाही. अ नं छपरावरून दगड मारले. सहावीतल्या एका मुलीला लागला, डोक्याला टाके. तिचा यांच्याशी संबंध काय?

पूर्वी एका बाकावर बसून भांडत होते. आता दोन फौजा आहेत, आणि भिंत आपणच बांधून दिली.

नव्या शिल्पा कांबळे बाई भेटायला आल्या. नव्या म्हणजे तीन वर्षं होतील, पण गावात नव्याच. शिक्षण सेवक आहेत. सप्टेंबरात मुदत भरते, मग कायम करायचा ठराव मंडळानं करायचा. चांगल्या शिकवतात. मर्दानी खेळही येतो, लाठी सुंदर फिरवतात. पंधरा ऑगस्टला पोरांकडून लाठीचं प्रात्यक्षिक करून घेते म्हणाल्या, पण जोड्या मिसळून. एक अ चा, एक ब चा.

मी म्हटलं, "वेड लागलंय का? त्यांच्या हातात काठ्या देता?"

"मॅडम, लाठी खेळताना समोरच्याच्या डोळ्यात बघायला लागतं. रोज बघितलं की हात आपोआप आखडतो."

परवानगी दिली. त्यांच्या बोलण्यात विनवणी नव्हती म्हणून दिली.


२२ जुलै, मंगळवार

खालच्या डेअरीचा टेम्पो भर चौकात अडवला. कोयत्यानं कॅन फोडले. ड्रायव्हर बाबू, मगदूमांचा ट्रॅक्टरही तोच चालवतो, त्याला उताणा पाडून तुडवला. दोन बरगड्या गेल्या. दूध गटारातून आमच्या दारापर्यंत आलं. कुत्री जमली.

बाबूचा मुलगा सुमित नववी ब मध्ये. तो आज शाळेत आला, सरावालाही थांबला. सराव बघायला गेले होते. शिल्पा बाईंनी विराजला नेमका त्याच्याशीच जोडलाय. तास झाल्यावर दोघं नळावर एका तांब्यानं पाणी प्याले. मी मागच्या मागं परतले. बोललं की बिघडतं.


६ ऑगस्ट, बुधवार

सुमितनं आज विराजच्या हातातली काठी उडवली. सरळ खेळात, नियमानं. विराजही हसला होता. पण कुंपणापलीकडं बापेमंडळी बघायला उभी असतात आताशा. तिकडून ओरडले, "वरच्या डेअरीचं दूध पातळ हाय रं!" मग सगळा रस्ता हसला.

त्या हसणाऱ्यांच्या मागं आमचा महेश उभा होता. माझाच मुलगा, विराजचा बाप. घरी येऊन विराजच्या कानफटात दिली. पोरगं उंबऱ्यावर आपटलं, ओठ फुटला.

"बाबूच्या पोराकडनं काठी सोडून आलास? ड्रायव्हरच्या?"

मी महेशला म्हटलं, खेळात काठी पडते. तो म्हणाला, "आई, तू संस्थेचं बघ."

विराज जेवला नाही. जेव म्हणून मी पुन्हा सांगितलं नाही. एका थपडेनं कोणी मरत नाही, असं वाटलं होतं.


१५ ऑगस्ट, शुक्रवार

लिहिते. हात स्थिर आहे.

झेंडावंदन, भाषणं, मग लाठी. मी ओसरीवर, खुर्ची पहिल्या रांगेत. पहिल्या जोड्या छान झाल्या. टाळ्या. मग सुमित आणि विराज.

विराजच्या हातातली काठी शाळेची नव्हती. शाळेच्या काठ्या वेताच्या, हलक्या. ही जाड, टोकाला पितळेची टोपी. ह्यांची काठी. हे गेल्यापासून आमच्या दाराआड उभी असते, मीच पुसते ती. खुर्चीतून उठेपर्यंत वेळ गेला.

सुमितनं नमस्काराला मान खाली घातली होती. खेळ सुरूच झाला नव्हता. विराजनं काठी दोन्ही हातांनी वर नेली आणि मारली. भुवईवर. आवाज लाकडाचा नाही आला. सुमित खाली बसला, मग आडवा झाला. डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं लाल. विराजनं पुन्हा काठी उगारली. शिल्पा बाईंनी ती अंगावर घेतली, खांद्यावर.

पुढं सगळं एकदम. कुंपण मोडून माणसं आत. खुर्च्या, झेंड्याच्या काठ्या, दगड. कोणी कोणाला मारतंय कळेना. "मास्तरणीनंच पोरांना हत्यारं दिली!" अशी आरोळी उठली, आणि आश्चर्य म्हणजे दोन्ही डेअऱ्यांची माणसं एकाच दिशेला पळाली. बाईंना केसाला धरून मैदानभर ओढलं. तोंडावर बुक्क्या. त्यांची स्कूटी पेटवली. चौगुले सरांनी आणि मी बाईंना ऑफिसात ओढलं आणि आतून कडी घातली. माझ्या साडीवर त्यांचं रक्त. दारावर लाथा बसत होत्या. बाहेरचे आवाज सगळे ओळखीचे. लग्नात वाढायला येतात ती माणसं.

पोलीस आल्यावर निघालो. सुमितला कोल्हापूरला नेलंय.


१६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दाराआड बघितलं. काठी जागेवर. धुतलेली. सुनेनं धुतली असणार, विचारलं नाही. पितळही घासलंय.

वि. ला ताप. (हे नाव पुरं लिहवत नाही.)

डॉक्टर म्हणतात डोळ्याचं आत्ता सांगता येत नाही. पट्टी सुटल्यावर.

एवढ्या दंगलीत काठी कोणाची, कोणी मारली, हे कोणालाच दिसलेलं नाही. चौकीत सगळे तेच सांगतात. जवळून बघणारी मी. मलाही विचारलं. "गोंधळ होता," म्हटलं.


१७ ऑगस्ट, रविवार

वि. ला परसात नेलं, गोठ्यापाशी.

"का?"

"आजी, मी फक्त..."

"फक्त काय?"

म्हशीच्या दाव्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाला, "बाबा बघत होते."




२० ऑगस्ट, बुधवार

शिल्पा बाईंच्या खोलीवर गेले. खालच्या ओठाला टाके, खांदा बांधलेला, पुढचा दात नाही. घरमालकानं खोली सोडायला सांगितलंय. चहा एका हातानं केला, मला करू दिला नाही.

भाऊजी आणि मगदूम यांचं ठरलंय, हे त्यांच्याकडूनच कळलं. चौगुले सर सांगून गेले. सोमवारच्या मीटिंगला ठराव येणार. बाईंनी लोखंड-पितळ लावलेल्या काठ्या आणून पोरांना दिल्या, म्हणून सेवा समाप्त. रिकाम्या जागेवर मगदूमांची पुतणी. बदल्यात बाबूला मगदूम गप्प बसवणार, दवाखान्याचं भाऊजी बघणार. वि. चं नाव कुठंच नाही. त्या तुकड्या सोडल्या तर गेल्या पाच निवडणुकांत ह्या दोघांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.

बाई म्हणाल्या, "मला कायम करू नका, मॅडम. पण ती काठी मी दिली असं लिहू नका. एका पोराचा डोळा माझ्या नावावर नको."

दाराशी आल्यावर : "तुम्ही पहिल्या रांगेत होता."

मी चपला घातल्या.


२३ ऑगस्ट, शनिवार

भाऊजी घरी आले. महेश होताच.

"वहिनी, सोमवारी सही तेवढी करून टाका. बाई काय, दुसरीकडं कुठंतरी लागंल. पोरगं आपलं हाय की!"

म्हटलं, "सुमित कोणाचा आहे?"

"त्येचं बघतोय न्हवं आम्ही?"

म्हटलं, मी जे पाहिलं ते सांगणार. महेशनं ताट भिंतीवर मारलं. आमटी ह्यांच्या फोटोवर. मग माझं मनगट धरलं, पिरगाळलं. पन्नाशीला टेकलेला मुलगा. हे गेल्यावरही घालते ती काचेची बांगडी फुटून आत गेली.

"सांगून बघ. तुझ्या नातवाला पोलीस न्हेतील. ह्या घरात तुला पाणी कोण देतंय ते बघतो मी."

भाऊजींनी त्याला धरलं, पण सावकाश.

काच चिमट्यानं काढली. पाणी अजून माझं मी घेते.


२५ ऑगस्ट, सोमवार

मीटिंग. काठी कापडात गुंडाळून नेली होती. ठराव वाचायला सचिव उठते, तशी उठले. कापड सोडलं, काठी टेबलावर ठेवली.

"ही माझ्या दाराआडची. शाळेची नाही, बाईंची नाही. मारणारा माझा नातू. नमस्काराला वाकलेल्या पोराला मारलं. मी बघितलं. चौकीत खोटं बोलले, आता इथून तिकडंच चालले. दुसरं. डेअरीप्रमाणे तुकड्या रद्द कराव्यात असा मी ठराव मांडते. अनुमोदन कोण देतंय?"

पंखा फिरत होता. चौगुले सर टेबलाकडं बघत होते. त्यांना मंडळात मत नाही.

आधी मगदूम पेटले. "अक्का, तुला विच्यारलं हुतं कुणी? बाबूला मी गप केला हुता की! मिटत आलतं, पुन्यांदा पेटवलंस."

भाऊजी उठले. हाताला चहाची किटली लागली ती फेकली. माझ्यावर की भिंतीवर, त्यांचं त्यांना ठाऊक. कपाळावर बसली. गरम चहा डोळ्यात, मानेवर. खुर्च्या पडल्या. कोणीतरी काठी उचलू लागलं, मी दोन्ही हातांनी धरली. महेश खिडकीत उभा होता. आत आला नाही, गेलाही नाही.

तशीच चौकीत. रस्त्यावर काठी घेऊन, पदर रक्तानं भिजलेला. बाया दारातून बघत होत्या, एकीनंही हाक मारली नाही. जबाब दिला. फौजदार म्हणाला, "मावशी, आधी टाके घालून घ्या." मी म्हटलं, "आधी लिहा."

बाईंचा ठराव बारगळला. कायम करायचाही झाला नाही. तुकड्यांच्या ठरावाला अनुमोदन नाही.


२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी म्हशीची धार मीच काढली. सून बाहेर आली नाही. महेश वि. ला घेऊन पहाटे सासुरवाडीला गेलाय. फौजदार दुपारी येणार, त्याला पत्ता मी देणार.

दूध घेऊन वरच्या डेअरीवर. मापाड्यानं बघितलं न बघितलं केलं. "काकी, सायबांनी तुमचं घ्यायचं न्हाय म्हणून सांगितलंय." मागून कोणीतरी कॅनला लाथ घातली. थोडं सांडलं.

खालच्या डेअरीवर गेले. आयुष्यात पहिल्यांदा ती पायरी चढले. तिथंही तेच, मान हलवून. दोन्ही डेअऱ्यांचं हे तिसरं एकमत.

कॅन घेऊन शाळेत गेले. चौगुले सरांना म्हटलं, गॅस पेटवा. तापवलं, साखर घातली. शिल्पा बाई रजेवर, पण आल्या होत्या. एका हातानं पेले मांडले. सुमितची पट्टी आज सुटायची आहे, फोन अजून आलेला नाही. त्या सारख्या मोबाईल बघत होत्या. मीही.

नववीला मैदानात बोलावलं. "दूध प्यायचंय. एक रांग करा."

पोरांनी सवयीनं दोन केल्या. अ तिकडं, ब इकडं. मधे मोकळी जागा, जिथं सुमित पडला होता ती. माती खरवडून टाकलीय, तरी सगळे ती टाळून उभे.

"एक म्हटलं मी."

कोणी हललं नाही. कुंपणाबाहेर माणसं जमायला लागली. पुढच्याच्या हातात दगड होता. तो ओळखीचा. सगळेच ओळखीचे.

खुर्ची आणून कॅनजवळ बसले, ओगराळं आणि ही वही मांडीवर. कपाळाचे टाके ठसठसतायत. दूध नासेपर्यंत वेळ आहे.