बारा लेकरं आन् एक आंघोळ

तीर्थरूप रामकिसनदादा यांना जालन्याहून धाकट्या भैनीचा, सोनूचा दंडवत. वहिनीला दंडवत, आईला दोन येळेस. आईचा गुडघा कसा हाय? वहिनीचा खोकला गेला का? इकडं सगळे खुशाल हायेत. असं पहिलं लिवायचं अस्तं म्हणून लिवलं, खरं धरू नका. अक्षर वाकडं हाय, कारण मांडीवर एक लेकरू निजलं हाय. (दुसरीत तरी कुठं सरळ व्हतं म्हणा.)

तुमचे दाजी दिवाळीपासून गिरधारीलाल सेठच्या जिनिंगमंदी बायांवर मुकादम झाले, हे तुमाला ठावं हाय. तुमी गावात पेढे वाटले. आता ते परत मागून घ्या. या जिनिंगची जुनी रीत अशी, की बायांनी कामावर येताना लेकराला अफूची गोळी चाटवायची आन् कापसाच्या ढिगाकडंला निजवायचं. पहिला मुकादम बद्रीनाथ तर कमरेला डबीच लावून हिंडायचा, जिच्याकडं गोळी न्हाई तिला आपल्या हातानं द्यायचा. मागल्या साली एक लेकरू असं निजलं ते उठलंच न्हाई. दाजी मुकादम झाले आन् पहिल्याच दिशी बोलले, जे मी माझ्या लेकराला, बापूला, देणार न्हाई ते माझ्या हाताखालच्या बाईच्या लेकराला देऊ देणार न्हाई. बाया म्हन्ल्या, बराबर हाय, पर मंग लेकरं ठेवावी कुठं? दाजी म्हन्ले, माझ्या घरी. घरी कोण अस्तं दादा? मी!

मस्तगडला जिनिंगच्या फाटकासमोर आपली एक खोली आन् पुढं वाडगं. त्यात बारा लेकरं, वर आपला बापू. एक चुलीकडं रांगून राह्यलं, एक आडाकडं, आन् तिसरं मधी बसून मला बघून हसून राह्यलं. सगळे जागे असले की वाटतं, देवा, जरा निजू दे यांना. निजले की मागल्या सालचं आठवतं, मंग मी एकेकाच्या नाकाखाली बोट धरून बघते, श्वास हाय का न्हाई. बोट लागलं की ते उठतं, आन् त्याच्या रडण्यानं बाकीचे बाराजण उठतात.

मंगळवारी मला अवदसा आठवली. लेकरं कापसाच्या तुसानं भरून गेल्ती. म्हन्लं, न्हाऊ घालावं, मायांना बरं वाटंल. ताईत भिजतील म्हणून सगळ्यांचे काळे दोरे सोडले आन् एका सुपात टाकले. न्हाऊन झाल्यावर बघते तर सगळे सारखे! उघडे, ओले, अंगाला तेल, अर्ध्यांचं जावळ काढलेलं. देवानं पोरं-पोरी तरी येगळ्या केल्या म्हणून काम निम्मं झालं. तेवढ्यात दुपारचा भोंगा. पाजायला बाया पळत आल्या, मी घाबरून जे हाती आलं ते वाटलं. साळूबाईनं एकदम किंकाळी फोडली, "अगं बया, हे माझं न्हाई! ह्याला दात हाय!" तुळजाबाई म्हन्ली, "आन् माझ्याला व्हता, तो पडला का काय?" मंग जी वढावढ झाली ती इचारू नका. सगळी लेकरं आपापल्या माईकडं गेली, पर तवर दुसरा भोंगा होऊन गेल्ता आन् मशिनी खोळंबून राह्यल्या. साळूबाई म्हन्ली, मी ठाण्यात अमीनसाबकडं जाते. बद्रीनाथ म्हन्ला, अफू बरी व्हती, लेकरू आपलं तर राह्यत व्हतं.

सेठ बाहेर आले. दाजींनी माझ्याकडं बोट दाखवलं न्हाई. म्हन्ले, चूक माझी. ठरवलं मी, आन् पुसलं कुणालाच न्हाई, बायकोलाबी न्हाई. (लगीन झाल्यापासून हे पहिल्यांदा कबूल केलं, तेबी शंभर माणसांत.) सेठ म्हन्ले, शनिवारपर्यंत बघतो; आणखी एक बोंब झाली तर मुकादमी बद्रीनाथला. दाजी म्हन्ले, द्या, पर तवर गोळी बंद. त्यांना सोपं हाय. ते जिनिंगमंदी अस्तात. मी मात्र दिवसभर लेकरांची डोकी मोजत बसते. थोरल्यांना नमस्कार. लहानांना काय सांगायचं ते सांगा, लेकरांचं नाव काढलं की मला धडकी भरती.

तुमची
सोनू

ता.क. खरी गोष्ट ही, की तुमी जल्दी दाजींना लिवा, आई लई बिमार हाय, सोनूला धाडा. ते दुसऱ्याचं पत्र उघडत न्हाईत, म्हणून बिनघोर लिवते.

ता.क. तसं बिलकुल लिवू नका. आई बिमार म्हणून त्यांनी मला डोळ्यात बघून पुसलं तर माझ्यानं खोटं बोलवणार न्हाई. त्यांची ही खोड मलाबी लागली. आन् मी गेले तर शनिवारची वाट कशाला, उद्याच बद्रीनाथची डबी उघडंल. साळूबाई अमीनसाबकडं गेली न्हाई. आज सगळ्यांच्या आधी आली, लेकरू माझ्या मांडीवर ठिवलं, "आज न्हाऊ घालू नको" एवढंच बोलली आन् गेली. तवा मला न्यायला येऊ नका, आईलाच इकडं आणून सोडा. येताना तिनं जुन्या लुगड्यांचे काठ फाडून आणावे, लेकरांच्या दंडाला बांधायला. बारा रंगाचे. एकासारका दुसरा नको.

ता.क. तेरा आणा. काल बापूला पाजलं, थापटलं, निजवलं, आन् मंग बघते तर बापू दारात बसून उपाशी रडून राह्यला.