घोणस चावली तेव्हा

प्रिय त्रिविक्रम,

पिचावरमला आणखी तीन वर्षं राहायच्या करारावर सही करू का, असं तू फोनवर विचारलंस आणि मी इकडच्यासारखं नुसतं ‘सरी’, म्हणजे बरं, म्हटलं. ते काही उत्तर नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

इकडे सगळं ठीक. आईंचा गुडघा स्वल्प बरा आहे. परवा इंदिरानगरच्या आपल्या गल्लीत नाल्यातून धामण निघाली, तर माणसं खुर्च्यांवर चढली. आईंनीच सगळ्यांना दटावलं, बिनविषारी आहे, जाऊ द्या तिला. मुलगा सापांची पाहणी करायला गेल्यापासून त्या अगदी जाणकार झाल्यात.

जाणकार मीही झाले होते. सकाळी तू कुठे निघालास ते कळवायचास, त्यावर माझा दिवस ठरायचा. किनाऱ्यावरचं सुरूचं बन म्हटलंस की वाळूतलं फुरसं. भातशेती म्हटलीस की घोणस, नाग. खारफुटीचा चिखल म्हटलास की मला हायसं वाटायचं, कारण तिथे मासे धरणारा तो कुत्र्यासारख्या तोंडाचा पाणसाप, त्याचं विष माणसाला फारसं बाधत नाही, हे तूच शिकवलंयस. शेतीच्या दिवशी ऑफिसात माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. परतल्याचा मेसेज आला की मगच मी जेवायचे. तू चिडवायचास, भित्री भागूबाई म्हणून.

मग त्या भाताच्या बांधावर तुला घोणस चावली. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या सुधींद्रचा फोन आला तेव्हा मी दोशाचं पीठ वाटत होते. ऐकून घेतलं. उरलेलं पीठ वाटलं, मिक्सरचं भांडं धुतलं, ओटा पुसला आणि मग आईंना सांगितलं. बसमध्ये रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. दवाखान्यात तुझा सुजलेला पाय पाहिला, औषधांच्या वेळा विचारून घेतल्या. सगळे म्हणाले, बायको किती धीराची. तूही म्हणालास, आता तू तयार झालीस, आता मला तुझी काळजी नाही.

तो धीर नव्हता रे. जेवढं घाबरायचं तेवढं मी आधीच घाबरून बसले होते, त्या दिवसासाठी काही उरलंच नव्हतं. आता तू शेत म्हण, चिखल म्हण, मला काही होत नाही. वेळेवर जेवते, झोप लागते. तुझा पाय वाचला हे कळलं तेव्हाही काही वाटलं नाही, आणि हे आईंना कसं सांगू? माझ्या धीराच्या भरवशावर तीन वर्षं मागू नकोस. सही करायच्या आधी घरी ये, थोडे दिवस राहा. तुझ्यासाठी मला पुन्हा घाबरता येतं का, ते बघायचंय.

अजून तुझीच आहे असं धरून चाललेली,
संहिता