मोरीतल्या मुंग्या

२४ एप्रिल १९८९

आजपासून मी रक्तदाबवाली! डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, फुस्स करून सोडला, परत आवळला. मग पांढरी गोळी लिहून दिली – रोज सकाळी एक. गोळीने काय काय होईल ते सांगायला लागले, तर मी मध्येच माझं घोडं दामटलं. म्हटलं, अक्षय्य तृतीया, आमची आखाजी आलीय, मांडे आणि आंब्याचा रस चालेल ना? ते म्हणाले, मीठ कमी करा. मीठच ना! गोडाचं नाव नाही घेतलं.

मेहरूणच्या तलावावरून चालत घरी आलो. यांचं अख्खं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं. तलाव दिसला की किती पाणी उरलंय ते सांगितल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाहीत.

३० एप्रिल

तहान, तहान, तहान. सकाळी माठ भरते, दुपारी तळ दिसतो. आणि प्यायलेलं अंगात थांबेल तर शपथ. संडास पार अंगणाच्या टोकाला, तिथवर दम निघत नाही. मागच्या दारची मोरी बरी.

आईचं असंच सुरू झालं होतं. पाणी आणि मोरी, मोरी आणि पाणी. मग साखर निघाली, मग डोळे गेले. शेवटी शेवटी आखाजीला आम्ही बहिणी झोक्यावर आहोत हे तिला फक्त गाण्यावरून कळायचं.

भीती वाटते. कोणाला बोलले नाही. तहान दबावी म्हणून लवंग तोंडात धरून बसते.

२ मे

झुंबर अक्का साक्रीहून आल्या. यांच्या थोरल्या बहीण. आखाजीचं माहेरपण भावाकडेच, असा त्यांचा हट्ट. पिशवीत भगर, चारोळ्या आणि मोठ्ठं खापर – मांडे माझ्या तव्यावर होतच नाहीत म्हणे!

पदर खोचून हातपाय धुवायला मोरीत गेल्या आणि तिथूनच हाक. "कुंदा, आठे ये. मोरीमा कितल्या मुंग्या शेतस व." गेले. काळी ओळ, पार पन्हाळीपर्यंत. अक्कांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. "तू घडी घडी आठे येस. तुले साखर व्हयनी शे. मन्ही सासूले बी असंच व्हतं."

लघवीत साखर असली की मुंग्या लागतात, हे मीही ऐकलेलं. तिथेच उंबऱ्यावर बसले. रडूच आलं. हे तांब्या तोंडाला लावून उभे होते, तो रिकामा करून म्हणाले, "अक्का, मुंग्या कधीपासून डॉक्टर झाल्या?" अक्का गालातसुद्धा हसल्या नाहीत. "मुंग्या खोटं बोलतस नही, भाऊ."

मग हे माझ्याजवळ बसले. म्हणाले, "साखर निघालीच तर तुझ्या वाटचा रस मी खाईन. तेवढा त्याग करतो." मेला त्याग! रडता रडता हसले. पण रात्री पानावर शिकरण होतं, ते तसंच सारून ठेवलं. ते कोणी संपवलं हे लिहायला नको.

४ मे

गंमत. अक्कांच्या गडबडीत सकाळची गोळी राहिली – आणि दिवसभर तहान नाही! मोरीकडे खेपाही नाहीत. म्हणजे हा सगळा गोळीचा प्रताप? नाचावंसं वाटलं.

पण अक्कांनी हाताला धरून मोरीत नेलं. मुंग्या आहेत तशा. आता काय म्हणावं?

६ मे

साखर नाही!! साखर नाही!!

डॉक्टरांनी निळ्या औषधात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि काचेची नळी दिव्यावर धरली. साखर असेल तर निळ्याचं हिरवं होतं, फार असेल तर विटकरी. मी देवाचं नाव घेत बघत होते. उकळलं तरी निळं ते निळंच. उपाशीपोटी काल रक्त दिलं होतं, तेही चांगलं.

"कुंदाबाई, ही गोळी अंगातलं पाणी बाहेर काढते. लघवी जास्त, म्हणून तहान. त्या दिवशी हेच सांगत होतो, पण तुम्ही मांडे थापत होतात." लाजले. एक दिवस चुकली म्हणून बंद मात्र करायची नाही, त्याची ताकीद मिळाली. नुसत्या तहानेवरून घरच्या घरी काही ठरवायचं नाही, आणि आईला होती म्हणून दर वर्षी तपासायचं.

मुंग्यांचं विचारलं तर हसले. "आंब्याचे दिवस आहेत. रसाचे हात कुठे धुता?" मोरीतच की! एवढं साधं कसं सुचलं नाही!

अक्कांना सांगितलं. त्यांनी फक्त नाक मुरडलं.

८ मे, आखाजी

काय दिवस गेला! पितरांची घागर पुजली. अक्कांनी हातावर मांडा फिरवत फिरवत छत्रीएवढा केला आणि अलगद खापरावर टाकला. मी टाकला तो चुलीत गेला. गल्लीतल्या पोरींबरोबर झोक्यावर बसले, गौराईची गाणी म्हटली, घसा बसला. आईची फार आठवण आली. पण आजची आठवण गोड होती.

रस वाटीने नाही, ताटाने खाल्ला. माझा वाटा सोडावा लागला म्हणून यांनी दुप्पट खाल्ला, वर दोन तांबे पाणी. तरी अंगाला लागत नाही! पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलंय. तलावाच्या फेऱ्या मानवल्या. मी म्हटलं, नवरदेव दिसताय. अक्का म्हणाल्या, "दुबळा व्हयना भाऊ." बहिणीला भाऊ नेहमी दुबळाच.

संध्याकाळी मोरी राखेने घासली, फिनाईल ओतलं. एक मुंगी उरली नाही.

१० मे

अक्का साक्रीला गेल्या, मी मुक्ताईनगरला भावाकडे. मुक्ताईची ओटी भरली. आंबे सगळे इकडे घेऊन आले. हे घरी एकटेच, खानावळीत जेवताहेत.

१५ मे

काल परत आले. घरात रस नाही, अक्का नाहीत, मी नव्हते. मोरीत मुंग्या – पन्हाळीपर्यंत.

आज यांना ओढतच नेलं. नळी विटकरी झाली. डॉक्टर म्हणाले, साखर बरीच आहे, पण वेळेत आलात, औषध-पथ्याने आटोक्यात राहील. वाटेत तलाव लागला, पण हे तसेच पुढे निघाले. मग मीच विचारलं, किती पाणी उरलंय? थांबले, नीट पाहिलं, म्हणाले, "भरपूर आहे."

अक्कांना कार्ड टाकलं – मुंग्यांचं बरोबर होतं, माणूस आपण चुकलो.