मी जपात असताना लिहिलेली मायबोली

सौंसर, शनिवार, १७ फेब्रुवारी १९५१

आलं ते: कापूर दोन आण्यांचा, मारुतीला तेल चार आण्यांचं, आणि टपालानं दादाचं पाकीट.

मागच्या महायुद्धात दादा पलटणीबरोबर पॅलेस्टाईनला होता. लिहितो, तेव्हा तिथे अरबच जास्त, त्यांत मुसलमान फार, ख्रिस्ती थोडे. आता अर्ध्याहून अधिक परागंदा होऊन तंबूत पडलेत. तंबूतही पाळणे हलतात, पण ती लेकरं आपल्या गावच्या वहीत चढत नाहीत.

आणि मी? घरात असून नीट चढले नाही. सकाळी शिरगणतीचे मास्तर आले तेव्हा मी सोवळ्यात, मौन धरून जपाला बसलेली. उठले नाही. शेजारच्या दुबेबाईनं ओट्यावरून सांगून टाकलं, "लिख लो मास्तरजी, इनकी भी हिंदी." आमच्या चौघांची मायबोली हिंदी. उद्या भाषेवर प्रांत वाटले तर मराठी-हिंदीच्या सीमेवरचं आमचं सौंसर कुठं जाईल? तिला सगळं कळतं.

जाब विचारला तर हसली. "तुमी देवासंग बोलून राहिल्या होत्या बाई, म्हून मी मास्तरासंग बोलली." हे मात्र आमच्या बोलीत.

मास्तर तपासणीला पुन्हा येणार. आमचं दुरुस्त करीनच, पण तेवढ्यानं माझं समाधान नाही. ती तेव्हा जामसांवलीच्या मारुतीला गेलेली असेल. तिच्या घरच्या सातही जणांची मायबोली मी मराठी लिहवीन. पाप लागेल? लागू दे. मारुतीनं लंका जाळताना घरं मोजली नव्हती.

दादाला उद्या लिहायचं: त्या तंबूतल्या लोकांच्या मागे राहिलेल्या घरी मोजणारा आला, तर त्यांच्या वतीनं कोण सांगतं? आणि जो सांगतो त्याला पुढे कोणी गाठतं का? उलट टपाली कळव.