उधाणाला सोडलेली पिलं

सुर्ला, डिचोली
१६ जानेवारी २०२५

ती. सगुणकाका यांस,
गौरवीचा शिरसाष्टांग नमस्कार.

काकीचा गुडघा कसा आहे? गावी पार्शाला काजू मोहरले का? मी बरी आहे, म्हणजे जेवते, झोपते. बंद खाणीच्या खड्ड्यातल्या पाण्यात मासे जगतील का, हे तपासायचं काम आहे. पाणी तपासायचं यंत्र दोन महिने बिघडलेलं. साहेब म्हणतात, "मागचेच आकडे घाला." यासाठी मत्स्यशास्त्र शिकले मी? चार वर्षं कंत्राटावर! आई फोनवर विचारते, "अजून मासळीच मोजतंस गो?" नुसता वैताग आलाय, काका.

आणि हे वेड लावलं कोणी? तुम्हीच. खाडीकाठच्या खाजनात, बांधातल्या पाण्याच्या दारावर, तुमच्या मानशीवर बसवून शेवटा मासा कुठला, काळुंदर कुठलं, ते डोळे मिटून हाताने ओळखायला लावायचात.

सोमवारी कायमच्या नोकरीची मुलाखत आहे. ते कळवायला लिहितेय. नाही, खोटं कशाला बोलू!

गेल्या मार्चमधल्या अमावास्येला आमच्या प्रकल्पाने तुमच्या खाजनात चोणक माशाची पिलं सोडली. मंडप, पाहुणे, फोटोवाला. तुम्ही मला बाजूला घेतलंत. "बाय, आज नको गो. उधाणाचा पाणी चडला हा. ओहोटीक मानशीचा दार उघडूचाच लागतला, नायतर बांध फुटतलो. पिलां सगळी न्हंयत जातली."

मी सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, आम्ही काय उगाच शिकलो?" पाहुणे हसले.

दुपारच्या ओहोटीला दार उघडलं आणि पिलं नदीत वाहून गेली. तुम्ही त्या दिवशी दाराला जाळं लावलंच नव्हतं. माडाला गुंडाळून टांगलेलं मी पाहिलं.

तरी अहवालात लिहिलं, 'मानस चालवणाऱ्याने बारीक जाळं लावल्यामुळे पिलं नष्ट झाली.' वाक्य साहेबांचं. टाइप मी केलं. सही माझी.

त्यावरून शेतकऱ्यांच्या संघटनेने तुम्हाला मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावात बसू दिलं नाही. वीस वर्षं सांभाळलेली मानस गेली. मला मात्र मुलाखतीला बोलावलं ते त्याच अहवालावर. लाज वाटते हो! चवथीला तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, उलट माझ्या पानात नेवऱ्या वाढल्यात. चार शिव्या हासडल्या असत्यात तर बरं झालं असतं.

सोबत, घडलं तसं सगळं लिहून सही केलेला कागद आहे. शनिवारच्या सभेत संघटनेच्या दत्तप्रसादांना द्या. पोरीची नोकरी जाईल म्हणून तुम्ही तो कपाटात ठेवाल, तुम्हाला ओळखत नाही का मी? म्हणून एक प्रत त्यांना काल सकाळीच टाकलीय. दुसरी सोमवारी मुलाखतीत टेबलावर ठेवणार. मग नोकरी देवोत, नाहीतर घालवोत.

पुढच्या उधाणाला मी पार्शाला येते. तुम्ही बोलला नाहीत तरी बांधावर बसेन.

तुमचं सगळं ऐकूनही त्या अहवालावर सही केलेली,
गौरवी